तेवीस वर्षं एकच लँडिंग करतोय: मुंबई, रनवे २७. फ्लाइट सिमवाले, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवणारे, आहेत का इथे कोणी?

लाँगफायनल:

मंडळी नमस्कार, बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होतो, आज जमतंय.

१९९९ साल, मिरज, मी अकरावीत. मामाची प्रिंटिंग प्रेस होती आणि डीटीपीसाठी त्याने एक पेंटियम घेतला होता, दिवसभर त्यावर लग्नपत्रिका आणि हँडबिलं चालायची, रात्री आठला शटर अर्धं खाली आलं की मशीन माझं. तिथल्या ऑपरेटरदादाने एक दिवस सीडी दिली, मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर ९८. सुरू केलं की शिकागोचं मेग्स फील्ड विमानतळ, रनवे ३६, छोटं सेसना १८२ विमान उभं, आणि शेजारी एवढं पाणी की मी कित्येक महिने त्याला समुद्रच समजत होतो, ते लेक मिशिगन आहे हे नंतर अॅटलासमध्ये पाहिलं.

पहिल्या रात्री थ्रॉटल (इंजिनाची पॉवर) पूर्ण पुढे, नाक वर, आणि विमान थोडं चढून धाडकन खाली. परत तेच, परत तेच. सांगणारं कोणी नव्हतं, इंटरनेट नव्हतं. आठवडाभराने लक्षात आलं की पडायला लागलं की मी आणखी वर ओढतोय आणि तिथेच सगळं चुकतंय, पडणारं विमान वाचवायचं तर नाक खाली सोडायचं असतं, पंखावरून हवा परत नीट वाहू द्यायची असते. सोळा वर्षांच्या मुलाला हे स्वतःहून सापडणं काय असतं ते शब्दात सांगता येत नाही. त्या रात्री घरी सायकलवरून जाताना मी वाऱ्यात हात तिरका धरून बघत होतो.

तेव्हाची चित्रं म्हणजे डबे डबे इमारती, झाडं नाहीतच. तरी मला ते खरं वाटायचं कारण त्या विमानाला नियम होते. वेग कमी केला तर ते पडणार, फ्लॅप्स, म्हणजे पंखांमागच्या झडपा, सोडले तर नाकाचा कल बदलणार, वारा डावीकडून असेल तर उजवीकडे ढकललं जाणार, आणि का झालं ते विचार करून शोधून काढता येणार. बाकीच्या गेममध्ये हरलो तर नशीब, इथे प्रत्येक गोष्टीला कारण. मी जो अडकलो तो तिथे अडकलो.

पुढे २००२ ची आवृत्ती आली, त्यात एटीसीचा, म्हणजे विमानांना सूचना देणाऱ्या कंट्रोलरचा, आवाज होता आणि मी मुंबई उघडली. तेव्हापासून रनवे २७, म्हणजे २७० अंशांकडे, पश्चिमेकडे तोंड असलेली धावपट्टी, हे माझं लँडिंग. पूर्वेकडून यायचं, ठाण्याची खाडी ओलांडायची, आयएलएसचा, म्हणजे धावपट्टीकडे आणणाऱ्या रेडिओचा, किरण पकडायचा, घाटकोपरची टेकडी पोटाखालून जाते, मग कुंपणापर्यंत चिकटलेली घरं आणि लगेच धावपट्टी. ७३७ असेल तर साधारण १४० नॉट (ताशी सागरी मैल), तीन अंशांचा उतार. हिशोब सोपा, जमिनीवरचा वेग गुणिले पाच म्हणजे मिनिटाला ७०० फूट खाली. धावपट्टीच्या बाजूचे पापीचे, म्हणजे उतार बरोबर आहे का ते दाखवणारे, चार दिवे, दोन पांढरे दोन लाल म्हणजे बरोबर, चारही लाल झाले तर फार खाली आलात. जूनमध्ये वारा २४० अंशांवरून २५ नॉट असला की त्यातला साडेबारा नॉट आडवा लागतो, नाक वाऱ्याकडे वळवून खेकड्यासारखं तिरकं यायचं आणि टेकायच्या क्षणी रडरने, शेपटीवरच्या उभ्या सुकाणूने, सरळ करायचं. त्या दोन सेकंदांसाठी मी तेवीस वर्षं देतोय. लाल पुठ्ठ्याच्या वह्या आहेत दोन, तारीख, आवृत्ती, वारा, टेकताना खाली यायचा वेग, सगळं लिहिलेलं. अकराशेच्या वर नोंदी झाल्यात. मिनिटाला १५० फुटांच्या आत आणि मधल्या रेषेवर, असं समाधानाचं लँडिंग अजूनही दहात एखादंच होतं.

आवृत्त्यांबद्दल माझं मत थोडक्यात. २००३ ची, राइट बंधूंच्या शताब्दीनिमित्त आलेली, ती मनाने सगळ्यात श्रीमंत, राइट फ्लायर, फोर्ड ट्रायमोटर, डीसी-३, आणि ढग पहिल्यांदा ढगांसारखे. २००६ ची एफएसएक्स माझ्या मशीनवर अडखळत चालायची पण तीच सर्वात जास्त वर्षं टिकली. जानेवारी २००९ ला ती बनवणारी एसेस टीमच बंद केली तेव्हा मला खरंच घरातलं माणूस गेल्यासारखं झालं होतं. मग मी एक्स-प्लेनकडे गेलो, ऑस्टिन मायरचं सिम. ते पंखाचे लहान लहान तुकडे पाडतं आणि प्रत्येक तुकड्यावर हवेचं बळ सेकंदाला कितीतरी वेळा काढतं, त्यामुळे विमान कसं वागेल ते आकारावरून ठरतं. ते वाचलं तेव्हा मिरजेतला तो वाऱ्यात धरलेला तिरका हात आठवला.

आणि मग ऑगस्ट २०२०, लॉकडाऊन, नवीन मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर, खरे उपग्रह फोटो, सगळी पृथ्वी. पहिल्या संध्याकाळी आईला शेजारी बसवलं, मिरजेवरून कृष्णा पकडली आणि नदीच्या काठाकाठाने नरसोबाच्या वाडीपर्यंत गेलो. पंचगंगा येऊन मिळते तो कोन अगदी तसाच. देऊळ नव्हतं, तिथे नुसती झाडं दिसली, पण आईने संगमाला हात जोडले आणि म्हणाली, जरा हळू घे. मी ८० नॉटवर घिरट्या घातल्या पंधरा मिनिटं.

दुसऱ्या दिवशी मी परत रनवे २७ वर. तर माझा प्रश्न: तुमचं असं एक लँडिंग कुठलं, आणि तुम्ही त्याला का चिकटलात?

---

ओझरकर:

धागा वाचून लगेच लॉगिन केलं. माझं लँडिंग मिग-२१ या लढाऊ विमानाचं, डीसीएस या लढाऊ विमानांच्या सिममध्ये.

बाबा ओझरच्या एचएएलमध्ये, विमानांच्या कारखान्यात, होते, मिगच्या असेंब्लीला. आमच्या घरात मिग म्हणजे बाबांच्या शर्टाला येणारा वास, आणि सकाळी टेस्ट फ्लाइट गेली की तव्यावरची भाकरी तशीच ठेवून आई दारात यायची. मी कॉम्प्युटरवाला झालो. २०१४ मध्ये डीसीएसला मिग-२१ बिस आलं ते मी पहिल्याच महिन्यात घेतलं आणि बाबांना पुण्याला बोलावलं. कॉकपिट उघडलं, तो निळसर हिरवा रंग दिसला आणि बाबा पुढे सरकले. मग एक एक स्विच बोटाने दाखवत नाव सांगायला लागले. मी मॅन्युअलमध्ये जे शोधायचो ते त्यांच्या हातात होतं.

लँडिंग मला महिनाभर जमेना. ताशी तीनशेच्या वर किलोमीटरने येतं ते, पंख एवढुसे. मी धावपट्टी आली की पॉवर काढायचो आणि विमान दगडासारखं आपटायचं. बाबा म्हणाले, अरे पॉवर एवढ्यात काढू नकोस, पंखावरची हवा जाईल. तेव्हा कळलं, या विमानात इंजिनातली हवा काढून फ्लॅप्सवरून फुंकतात, इंजिनाचा जोर उतरला की ती फुंकर जाते आणि उचलच निघून जाते. थोडी पॉवर ठेवूनच टेकवायचं. हे त्या सिममध्ये बरोबर केलेलं आहे, आणि ज्या माणसाने ते पाइप स्वतः बसवले त्याने मला शिकवलं.

परवा २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ चा निरोप झाला, १९६३ पासून होतं आपल्याकडे. बाबा आता ७८ आहेत. टीव्हीवर दोघांनी पाहिलं, ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, लाव ते. मी ओझरसारखी एक लांब धावपट्टी निवडली, एकच चक्कर मारली आणि उतरवलं. इंजिन बंद होऊन डायलचा काटा शून्यावर येईपर्यंत ते बघत होते.

---

घाटमाथा:

लाँगफायनल, धागा उत्तम पण एका बाबतीत असहमत. चित्रांना तुम्ही दुय्यम करताय. मला ते पटत नाही.

जुन्या आवृत्त्यांमध्ये सह्याद्री म्हणजे हिरव्या चादरीखाली उशा ठेवल्यासारखा होता, कडा नाही, सोंड नाही, खिंड नाही. मग खाली बघून मार्ग काढणार कसा? जीपीएस लावा आणि गुलाबी रेषेवर जा, एवढंच उरायचं. नजरेने उड्डाण हा वैमानिकीचा पायाच आहे ना? तो भाग २०२० नंतर आला. मी दर पावसाळ्यानंतर एकदा पुणे ते मुंबई रेल्वेच्या रुळांवरून जातो, सेसना १७२, जीपीएस बंद, मांडीवर कागदी नकाशा. लोणावळा ओळखायचं तलावांवरून, डाव्या हाताला नागफणी दिसली की बोरघाट आला, आणि तिथे जमीन एकदम पायाखालून निघून जाते. कर्जतपर्यंत खाली यायचं. पश्चिमेचा जोरात वारा असेल तर कड्याच्या अलीकडे, म्हणजे पुण्याच्या बाजूला, विमान खाली ओढलं जातं, मी एकदा पाचशे फूट असे गमावलेत. वारा डोंगराला कुठे अडतो आणि कुठे कोसळतो हे चित्रात डोंगर बरोबर असल्याशिवाय कसं येणार?

मला हरिश्चंद्रगड तीनदा पायी माहीत आहे. कोकणकड्यासमोरून पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याची ती आत वळलेली वाटी तितकी जमलेली नव्हती, पण खोली कळली. पायी गेल्यावर खोली कळत नाही, पालथं पडून खाली बघितलं तरी नाही.

---

लाँगफायनल:

घाटमाथा, तुमचा मुद्दा मान्य आणि मी माझं वाक्य जरा दुरुस्त करतो. डोंगराचा आकार हा नियमांचाच भाग झाला, दिसण्याचा नाही. तो खराच हवा. पाण्यावरचं चकचकीत ऊन मला नको आहे इतकंच.

ओझरकर, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. बाबांना नमस्कार सांगा.

---

शून्य_तास:

सगळे दादा काका नमस्कार, मी अकरावीत आहे, सांगलीजवळ राहतो. यूट्यूबवर बघून बघून वेड लागलंय पण माझ्याकडे ताईचा लॅपटॉप आहे त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, ८ जीबी रॅम. घरचे म्हणतात गेमसाठी पैसे मिळणार नाहीत. काही करता येईल का?

---

लाँगफायनल:

येईल. नवीन मायक्रोसॉफ्टचा नाद आत्ता सोड, त्या लॅपटॉपवर चालणार नाही आणि तू निराश होशील. फ्लाइटगिअर उतरवून घे, फुकट आहे आणि कायदेशीर आहे, १९९७ पासून जगभरातल्या लोकांनी मिळून बनवलंय. दिसायला साधं आहे पण त्याचं उड्डाणाचं गणित पक्कं आहे. सेटिंग्ज कमी ठेव, फक्त सेसना १७२ घे, दुसरं विमान सहा महिने उघडू नकोस.

जॉयस्टिक नसली तर माउसने चालव, मी कीबोर्डवर दोन वर्षं काढली. कधी पैसे साठले तर ज्याची दांडी डावी उजवी पिळता येते अशी साधी जॉयस्टिक घे, पिळलं की रडर, वेगळे पेडल लागत नाहीत. पुण्याला कोणी जाणार असेल तर तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जुनी मिळते का विचारायला सांग.

आणि पहिला महिना लँडिंग करूच नकोस. ३००० फुटांवर जा आणि उंची न बदलता वेग १०० वरून ६० वर आण, मग परत १०० वर ने. पॉवर कमी केली की नाक किती उचलावं लागतं ते बघ. पंचवीस फूटही इकडे तिकडे न होता ते जमलं की लँडिंगचा निम्मा अभ्यास झाला. त्यानंतर फायनलवर, म्हणजे धावपट्टीसमोरच्या शेवटच्या टप्प्यात, ६५ नॉट.

---

सोलो_झाले:

मी इथे नेहमी वाचते, लिहिते कमी. सध्या व्यावसायिक लायसन्सचं ट्रेनिंग चालू आहे, २०० तास लागतात त्यातले १३० झालेत. त्याआधी सात वर्षं सिम, एफएसएक्स आणि मग एक्स-प्लेन. त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकते.

सिमने काय दिलं: चेकलिस्ट वाचायची शिस्त, व्हीओआर म्हणजे दिशा सांगणारं रेडिओ केंद्र काय असतं, रेडिओवर आपलं वाक्य आधी मनात जुळवून मग बोलायचं, उतरायच्या आधी कुठल्या क्रमाने काय करायचं. पहिल्या दिवशी कॉकपिटमध्ये बसले तर प्रत्येक घड्याळ ओळखीचं होतं, हात आपोआप जात होते.

सिमने काय बिघडवलं: डोळे. मी सतत आत बघायची. तिसऱ्या दिवशी इन्स्ट्रक्टर सरांनी नकाशा उलगडून सगळ्या घड्याळांवर ठेवला आणि म्हणाले आता चालव. मला रडूच आलं होतं. मग हळूहळू कळलं की नाक क्षितिजाच्या किती खाली आहे त्यावरून वेग कळतो, वाऱ्याच्या आवाजावरून कळतो, बुडाला कळतं. स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल संपण्याच्या, आधी विमान थरथरतं ते पाठीतून समजतं, स्पीकरमधून नाही. आणि टेकण्याआधी नाक कधी उचलायचं हे डोळ्यांच्या कडेने कळतं, एका स्क्रीनवर ती कडच नसते, म्हणून सिममध्ये लँडिंग काही बाबतीत खऱ्यापेक्षा अवघड आहे. लाँगफायनल सर, तुमचं दहात एक येतं ना, त्यातलं बरंचसं स्क्रीनमुळे असणार.

उजव्या पायाचंही. टेकऑफला इंजिन विमानाला डावीकडे ओढतं, उजवा रडर द्यावा लागतो. सिममध्ये आळस केला तर चालून जातं, इथे सर ओरडतात.

शून्य_तास, तू एकच कर. स्क्रीनवरची घड्याळं अधूनमधून झाकून उडवत जा. कागद चिकटव सरळ.

---

लाँगफायनल:

ताई, हे सोन्यासारखं लिहिलंत. आज रात्रीपासून वेगाच्या घड्याळावर कागद.

पण याच्या उलट टोकाचं एक सांगतो, कारण रनवे २७ चा विषय आहे. १ जानेवारी १९७८ ला एअर इंडियाचं ७४७, सम्राट अशोक, याच धावपट्टीवरून रात्री निघालं आणि वांद्र्यासमोर समुद्रात गेलं, २१३ माणसं. कॅप्टनसमोरचं विमानाचा कल दाखवणारं घड्याळ बिघडलं होतं, ते उजवा कल दाखवत राहिलं आणि विमान डावीकडे कलत गेलं. बाहेर काळोख, समुद्र आणि आकाश एकच, क्षितिज नाही. तिथे बुडाला जे कळतं ते फसवं असतं, शरीर खोटं सांगतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून महिन्यातून एकदा रात्री २७ वरून निघतो आणि ते घड्याळ मध्येच बंद पडेल असं सेट करून ठेवतो. उरलेल्या घड्याळांशी पडताळून बघायचं, राखीव कल-दर्शक बघायचं, दिशादर्शक फिरतोय का बघायचं, आणि कोणावर विश्वास ठेवायचा ते काही सेकंदांत ठरवायचं. मी घरात खुर्चीवर सुरक्षित बसलोय हे माहीत असूनही हात घामेजतात. त्या लोकांची आठवण ठेवूनच करतो ते.

---

सोलो_झाले:

हो. आमच्याकडे बाहेरचं दिसू नये म्हणून डोळ्यांवर हूड लावून तेच करून घेतात. दिवसा आत बघू नको, रात्री बाहेरच्यावर विश्वास ठेवू नको, दोन्ही शिकावं लागतं.

---

हेडफोन_काका:

मी टोरंटोहून. माझं लँडिंगच नाही, कारण बारा वर्षं मी दुसऱ्या बाजूला आहे. व्हॅटसिमवर कंट्रोलर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, व्हॅटसिम २००१ पासून आहे, फुकट आहे, जगभरचे लोक आपापल्या सिमने एकाच आकाशात येतात आणि काही लोक रडारवर बसून त्यांना खऱ्या पद्धतीने सूचना देतात. कंट्रोलर व्हायला शिकावं लागतं, परीक्षा द्याव्या लागतात, टॉवर (धावपट्टी), मग अप्रोच (विमानतळाकडे येणारी विमानं), असं चढत जायचं.

मी दादर सोडलं २००६ ला. इथे शनिवारी सकाळी कॉफी घेऊन बसतो तेव्हा मुंबईत संध्याकाळ असते. मुंबई अप्रोच उघडायचं, समोर काळा स्क्रीन आणि हिरवे ठिपके. जुलैमधली एक वेळ सांगतो. हवामान खरं, म्हणजे तिथे त्या क्षणी जो पाऊस पडत होता तोच. नऊ विमानं आत येत होती, दृश्यमानता घसरत होती. एकाने गो-अराउंड केलं, म्हणजे न उतरता परत वर गेला, मागच्याचं अंतर मोडलं, त्याला वळवलं, त्याच्या मागच्याला वेग कमी करायला सांगितलं, आणि पंचवीस मिनिटं मी पाण्याचा घोट घेतला नाही. शेवटचा उतरला आणि रेडिओवर शिस्तीत गुड नाइट म्हणाला, आणि मग टेक्स्टमध्ये खाली मराठीत आलं, काका दमलात का. आवाजावरून ओळखलं म्हणे. तो मुलगा चिपळूणचा निघाला. अजून बोलतो आम्ही.

रनवे २७ वर तुम्ही अकराशे वेळा उतरलात, त्यातले काही मीच उतरवले असतील.

---

लाँगफायनल:

काका, नक्कीच. माझ्या वहीत ऑनलाइन उड्डाणांपुढे फुली असते, १४० आहेत तशी.

आता आपण एवढे जमलोच आहोत तर एक सुचवतो. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा पस मॉथ या छोट्या विमानात टपाल घेऊन कराचीहून निघाले, अहमदाबादला पेट्रोल भरलं, जुहूला उतरले. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. रेडिओ नाही, खाली बघायचं आणि होकायंत्र. १९८२ मध्ये, ७८ वर्षांचे असताना, त्यांनी तेच उड्डाण लेपर्ड मॉथमध्ये परत केलं. ओझरकर, तुमच्या बाबांच्याच वयाचे.

१५ ला बुधवार येतोय, म्हणून रविवारी १२ ला करू. सेसना १७२, पण वेग ताशी १०० मैलच ठेवायचा, म्हणजे ८७ नॉट, तोच त्यांच्या विमानाचा होता. जीपीएस नाही, ऑटोपायलट नाही. कराची ते अहमदाबाद सरळ साधारण ६०० किलोमीटर, पावणेचार तास, मध्ये सगळं कच्छचं रण, तिथे ओळखायला काही नाही, तिथेच खरी परीक्षा. पुढे अहमदाबाद ते जुहू ४४० किलोमीटर, पावणेतीन तास.

---

घाटमाथा:

मी आहे. रणात क्रीकच्या रेषा आणि पांढरं मीठ कुठे सुरू होतं यावरून काही अंदाज बांधता येईल, नकाशे काढून ठेवतो, सगळ्यांना देतो.

---

ओझरकर:

मी आणि बाबा. वही ते सांभाळतील, वेळा ते लिहितील.

---

हेडफोन_काका:

इथे पहाट असेल पण जुहूला तुम्ही याल तेव्हा मी टॉवरवर असेन. दुपारी तिकडे समुद्रावरून वारा असतो त्यामुळे रनवे २६ धरून चला, शहराच्या बाजूने यावं लागेल. मुंबई विमानतळाची मोठी धावपट्टी अगदी शेजारीच आहे, १९७२ मध्ये एक मोठं डीसी-८ विमान चुकून जुहूला उतरलं होतं, तुम्ही उलटं करू नका.

---

शून्य_तास:

मी येऊ का? फ्लाइटगिअर लागलं. तीन दिवस फक्त उंची न बदलता वेग कमी जास्त करतोय, ताईने घड्याळांवर वहीचं पान चिकटवून दिलं. काल पहिल्यांदा पन्नास फुटांच्या आत राहिलं. लँडिंग अजून केलं नाही. सगळं सात तास लॅपटॉप मिळणार नाही.

---

लाँगफायनल:

ये. तू अहमदाबादहून निघ, सुरतपर्यंत चल. आपण सगळे एकाच सिममध्ये नाही दिसणार, पण व्हॉइस कॉलवर एकत्र राहू आणि एकच घड्याळ लावू. दोन हजार फूट धर, उजव्या हाताला खंभातच्या आखाताचं पाणी दिसत राहील, ते सोडू नकोस. पाणी दिसेनासं झालं तर तू फार डावीकडे गेलास, वीस अंश उजवीकडे वळ आणि मला हाक मार.